संकल्प पुरा झाल्यानंतर

श्रीगुरुचरित्राचे सप्ताह पारायण ज्यांनी केले आहे त्यांना आठवा दिवस ठाऊक असेल. सातव्या दिवशी अवतरणिका वाचून होते, आरती होते, नैवेद्य होतो, पंगत उठते. आठवडाभर सोवळे, एकभुक्त राहणे, चटईवर निजणे, ठरल्या वेळी आसनावर बसणे असे सगळे चाललेले असते. मग पुढच्या पहाटे नेहमीच्या वेळी जाग येते आणि करायला काहीच नसते. पोथी रेशमी फडक्यात बांधून वर ठेवलेली. आनंद असतो, समाधानही असते, पण त्याखाली काहीतरी रिकामे लागते. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसे. हे कोणी बोलून दाखवत नाही. देवाच्या कामानंतर उदास वाटले, हे सांगायचे तरी कोणाला?

या लेखात मला त्या आठव्या दिवसाविषयी लिहायचे आहे. उदाहरण मात्र पारायणाचे घेणार नाही, माझ्या मुलीने गेल्या वर्षी पुरी केलेल्या एका शर्यतीचे घेणार आहे. दत्तजयंतीच्या अंकात शर्यतीचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. वाटू द्यावे, पण थोडे पुढे वाचावे.

ट्रायथलॉन म्हणजे एकामागून एक तीन गोष्टी: पोहणे, सायकल चालवणे, धावणे. मध्ये विश्रांती नाही, कपडे आणि बूट बदलायला लागेल तेवढाच वेळ, आणि तोसुद्धा घड्याळात धरला जातो. या प्रकारात लांब अंतराची जी शर्यत असते तिला आयर्नमॅन म्हणतात. ३.८ किलोमीटर पोहायचे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटर, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन, धावायचे. साधारण सतरा तासांची मुदत असते. आमच्या कोल्हापूरच्या वाचकांना सायकलचा भाग सोप्या भाषेत सांगायचा तर नृसिंहवाडीला जाऊन यायचे आणि आल्या पावली पुन्हा एकदा जाऊन यायचे, तेही खुल्या पाण्यात तास-दीड तास पोहून झाल्यावर.

हे खूळ निघाले १९७८ साली हवाई बेटांवर. अमेरिकन नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी यांनी तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एका दिवसात जोडल्या. पोहणारा जास्त दमदार, सायकलवाला की धावणारा, असा मित्रमंडळींतला वाद होता म्हणे. पहिल्या वर्षी १५ जण उतरले, १२ जणांनी पुरी केली. तेव्हा स्पर्धकांना जे सूचनापत्रक दिले होते त्यावर तीन अंतरे सांगून झाल्यावर शेवटी अशा अर्थाचे लिहिले होते की यानंतर उरलेला जन्मभर फुशारकी मारत राहा. थट्टेने लिहिलेले असणार. पण मला ते वाचल्यापासून वाटते की त्या थट्टेत एक खरा प्रश्न दडला आहे. शर्यत एका दिवसाची. ती संपल्यावर उरलेल्या जन्माचे काय करायचे, याला त्या पत्रकात फुशारकी एवढेच उत्तर आहे.

माझी मुलगी एकोणचाळीस वर्षांची. कॉलेजात शिकवते, एक मुलगा आहे आठ वर्षांचा. लहानपणी खेळाडू वगैरे काही नव्हती. दीड वर्ष तिने तयारी केली. पहाटे चारला उठून पोहण्याच्या तलावावर, पुढे पुढे राजाराम तलावात. आठवड्यातून दोन-तीन दिवस धावणे. रविवारी सायकल घेऊन वाडी. घाटावर उतरून कृष्णेचे पाणी डोळ्यांना लावायचे, पादुकांना बाहेरूनच हात जोडायचे, दोन केळी खायची आणि परत. गेल्या नोव्हेंबरात ती मलेशियात लंकावी बेटावर गेली, जावई सोबत होते. आम्ही इकडे मोबाइलवर तिचा ठिपका सरकताना पाहत बसलो. सायकलवर असताना एकदा तो ठिपका बराच वेळ एका जागी थांबला, तेव्हा हिने देवाजवळ दुसरी समई लावली. नंतर कळले की नेटवर्क गेले होते. १५ तास आणि काही मिनिटांत तिने शर्यत पुरी केली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. शेवटच्या रेषेवर तिथला निवेदक प्रत्येकाचे नाव पुकारतो, ते आम्ही इथे बसून ऐकले. परदेशी माणसाच्या तोंडून आपल्या मुलीचे नाव जरा वेडेवाकडे उच्चारलेले ऐकून रडू येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

आली, हारतुरे झाले. कॉलनीने सत्कार केला, शाल-श्रीफळ दिले, कॉलेजात फलक लागला. चार दिवस ती जिना उलटी उतरत होती, कारण मांड्या सुलट उतरू देत नव्हत्या. पायाच्या दोन बोटांची नखे काळी पडली होती. ती हे सगळे हसत सांगायची.

दुसऱ्या आठवड्यात हसणे कमी झाले. पहाटे चारला उठायची आणि दिवा न लावता स्वयंपाकघरात बसून राहायची. सायकलवर चादर टाकलेली, तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मुलावर चिडायची, मग त्याला जवळ घेऊन रडायची. एका संध्याकाळी आमच्याकडे आली आणि चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाली, "बाबा, मला आनंद व्हायला पाहिजे ना? मग होत का नाही? काय कमी पडलं?"

या प्रश्नाचे सरळ, व्यावहारिक उत्तर आहे आणि ते आधी द्यायला हवे. दीड वर्ष शरीराला रोज श्रमाची सवय लागलेली असते. ती एकदम थांबते. झोपेचे, भुकेचे वेळापत्रक बिघडते. दिवसाला एक सांगाडा असतो, अमुक वाजता पोहणे, अमुक वाजता जेवण. तो सांगाडाच निघून जातो. मोठमोठ्यांचे असे होते. ऑलिम्पिकची २३ सुवर्णपदके मिळवणारा मायकेल फेल्प्स आपल्याला ऑलिम्पिकनंतर नैराश्य यायचे असे उघड सांगतो. तेव्हा घरात कोणाचे असे झाले आणि ते आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल, झोप उडाली असेल, जगण्यात रस वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. तिथे पोथी-पुराण सांगत बसू नये. आमच्या पिढीला ही खोड आहे म्हणून मुद्दाम लिहिले.

हिचे तसे नव्हते. डॉक्टरांनीही तपासून काळजीचे कारण नाही म्हणून सांगितले. पण शरीराचे उत्तर मिळाले म्हणून मनाचा प्रश्न मिटत नाही. हवे ते मिळाले, अगदी जसे हवे तसे मिळाले, आणि तरी हात रिकामे का वाटतात?

यावर एक उत्तर लगेच तयार असते, विशेषतः आपल्यासारख्या धार्मिक मंडळींकडे. ते असे की, बघा, ध्येयच पोकळ होते. शरीराचे चोचले, पदकाचा मोह. मिळाले आणि फोलपणा कळला. माझ्या एका स्नेह्याने हे मला ऐकवलेसुद्धा. मला ते पटले नाही. ध्येय पोकळ होते म्हणून पोकळी आली असे असेल, तर पारायणानंतरच्या आठव्या दिवसाचे काय? आषाढीला अठरा-वीस दिवस चालून पंढरपूर गाठलेल्या माणसाला परतीच्या एसटीत खिडकीशी बसून जे वाटते त्याचे काय? लेकीचे लग्न सुखरूप पार पडल्यावर मांडवाचे बांबू काढताना बापाला जे वाटते त्याचे काय? ही काही पोकळ ध्येये नव्हेत. रितेपण सगळीकडे येते. त्यावरून ध्येयाची किंमत ठरवता येत नाही. ज्याने ती जागा भरून टाकली होती तो संकल्प उठून गेला, एवढेच त्यावरून कळते.

बरे, मग अडचण कुठे आहे? मी बरेच दिवस यावर विचार केला. निवृत्त माणसाला वेळ असतो. आणि मला आठवली पिंगला.

अवधूताने चोवीस गुरू केले, ती कथा भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. अवधूत यदुराजाला एकेक गुरू सांगत जातो. त्यांतली एक ही पिंगला, विदेहनगरीतली गणिका. संध्याकाळपासून दारात उभी असते. कोणी धनवान येईल, हा नाही तर पुढचा येईल, अशी आत-बाहेर करत मध्यरात्र होते. कोणी येत नाही. आणि मग तिच्या मनात काहीतरी उलटते. ती वाट पाहणेच सोडून देते आणि शांत झोपी जाते. अवधूत म्हणतो, हिच्याकडून मी शिकलो.

आता गंमत बघा. पिंगलेची आशा फळाला आली नाही आणि तिला झोप लागली. माझ्या मुलीची आशा पूर्ण फळाला आली आणि तिची झोप गेली. दोघींच्याही आशेचा शेवट झाला. मग एकीला शांती आणि दुसरीला तळमळ का? मी कॉमर्सचा पदवीधर, तत्त्वज्ञान माझा विषय नाही. पण मला जे दिसले ते सांगतो. पिंगलेने आशा स्वतः सोडली. मुलीची आशा संपली. तिने ती हातातून खाली ठेवली नव्हती. रेषा आली, नाव पुकारले, आणि जे दीड वर्ष घट्ट धरले होते ते मुठीतून नाहीसे झाले. मूठ मात्र अजून आवळलेलीच होती.

संपणे आणि सोडणे यांतला हा फरक आपल्या मराठीला फार चांगला माहीत आहे. आपण उपवास संपला म्हणत नाही, उपवास सोडला म्हणतो. भूक लागलेली असते, ताट समोर असते, तरी आधी देवाला दाखवून, तीर्थ घेऊन मग सोडायचा. पूजेच्या आरंभी संकल्प सोडतात आणि शेवटी उदक सोडतात. म्हणजे धरतानाच सोडायची तयारी केलेली असते. पळीभर पाणी तळहातावरून ताम्हणात जाते तेवढ्या वेळात केलेले सगळे देवाचे होऊन जाते. मूर्ती उचलण्याआधी उत्तरपूजा असते, अक्षता वाहून मूर्ती जरा हलवायची असते. गणपती नुसता उचलून नदीत नेत नाही कोणी. आणि नवस? नवस पुरा झाला की काम संपत नाही, तिथून सुरू होते. नवस फेडायचा असतो. कर्ज फेडतात तसा. नवस 'साजरा' केला असे कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही.

नर्मदा परिक्रमेला जाणाऱ्यांना हे अधिक माहीत असेल. दत्तसंप्रदायात नर्मदेला मोठे स्थान आहे. थोरले महाराज, टेंबेस्वामी, १९१४ साली गरुडेश्वरला नर्मदाकाठीच समाधिस्थ झाले. परिक्रमावासी महिनोन्‌महिने चालतो, तरी निघाला तिथे पोचला की परिक्रमा पुरी झाली असे होत नाही. बरोबर वागवलेले नर्मदेचे पाणी ओंकारेश्वरला नेऊन वाहायचे, कन्यापूजन करायचे, प्रसाद करायचा, मग ती पुरी. वाटेत ज्यांनी सदावर्त दिले, ओसरी दिली, त्यांचे ऋण डोक्यावर घेऊन माणूस घरी येतो.

शर्यतीत हे नाही. तिथे रेषा आहे, पदक आहे, फोटो आहे, टी-शर्ट आहे. लोक प्रेमाने टाळ्या वाजवतात, हाताला धरून खुर्चीत बसवतात, खायला देतात. माझी मुलगी त्या स्वयंसेवकांचे आजही नाव काढते. शर्यतीला मी नावे ठेवत नाही. पण उद्यापन नाही. रेषेच्या पलीकडे पाऊल टाकले की यंत्रणेचे तुमच्याशी काम संपले. मग त्या रिकाम्या जागेत आपोआप काय येते? पुढची शर्यत. तिसऱ्या आठवड्यात मुलीने लॅपटॉप उघडला आणि पुढच्या वर्षीसाठी नाव घालायला घेतले. युरोपात कुठेतरी. जावई काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत हीच अडचण असते कधी कधी. नातवाने मात्र विचारले, "आई, म्हणजे परत तू सकाळी नसणार?"

तिने लॅपटॉप मिटला. पण मिटला म्हणजे प्रश्न सुटला असे नाही.

इथे आपल्याही मंडळींविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. 'माझी एकवीस पारायणे झाली', 'आमच्या गाणगापूरच्या बारा वाऱ्या झाल्या' हे वाक्य ज्या आवाजात म्हटले जाते तो आवाज ऐकावा. गळ्यात पदक दिसत नाही एवढेच. एक पारायण सुटले की त्याची पोकळी सोसवत नाही म्हणून लगेच दुसऱ्याची तारीख काढणारे भक्त मी पाहिले आहेत. उद्यापनही कधी कधी केवळ जेवणावळ होते, तीनशे पाने उठली याची मोजदाद होते. तेव्हा आपल्याकडे रीत आहे म्हणून आपण सुटलो, असे कोणी समजू नये. रीत हे भांडे आहे. त्यात पाणी नसले तर सोडणार काय?

मी बॅंकेत छत्तीस वर्षे कारकुनी केली. कॉम्प्युटर येण्याआधी वर्षअखेरीला आम्ही रात्री दीड-दोनपर्यंत लेजरे जुळवत बसायचो. सत्तर पैशांचा फरक सापडेना म्हणून तीन माणसे तीन तास बेरजा तपासत बसलेली मी पाहिली आहेत. फरक सापडला की टाळ्या, बटाटेवडे, चहा. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या शाखेचे चेहरे उतरलेले. तेव्हा मला ते जागरणाचे वाटायचे. आता वाटते तोही आठवा दिवसच होता. पण त्या दिवशी एक काम असायचे, आणि ते काम मला या प्रश्नात उपयोगी पडले.

वर्षअखेर सगळी खाती सारख्याच पद्धतीने बंद होत नाहीत. पहिल्या वर्षाच्या कॉमर्सच्या पोरालाही हे शिकवतात. खर्च-उत्पन्नाची जी नामधारी खाती असतात, ती वर्षाच्या शेवटी शून्य करायची. कितीही मोठा आकडा असो, पुढच्या वर्षात तो न्यायचा नाही. मालमत्तेच्या खात्यांची शिल्लक पुढे ओढायची. आणि माणसांच्या नावाची खाती, येणे-देणे, तीही पुढे ओढायची, ज्याचे देणे आहे त्याला ते देऊन होईपर्यंत. नामधारी खाते शून्य न करता पुढे ओढले तर नव्या वर्षाचा सगळा हिशेब खोटा येतो.

मुलीला मी हे सांगितले तेव्हा ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "बाबा, तुम्ही सगळ्याचं लेजर करता," म्हणाली. पण मग तीच विचारू लागली, यात नामधारी काय? मी म्हटले, तुझे ते १५ तास, तुझा क्रमांक, तो फोटो, लोकांचे 'वा वा'. खरे आहे, मिळवलेले आहे, पण त्या वर्षाचे आहे. ते शून्य कर. आणि पाण्यात घाबरणारी तू दोन किलोमीटर खोल पाण्यात न घाबरता गेलीस, ते पुढे ओढ. ती मालमत्ता आहे. तिने विचारले, "आणि देणेकरी?" मी म्हटले, "ते तू सांग. तुझं खातं आहे."

त्या रात्री तिने एका जुन्या वहीत नावे लिहायला घेतली. मला वाटले सात-आठ होतील. एकतीस झाली. तलावावरचा रखवालदार, जो तिच्यासाठी कुलूप दहा मिनिटे आधी काढायचा. सायकल दुरुस्त करणारे काका, जे ट्यूब बदलल्याचे पैसे घ्यायला विसरायचे. मुलाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडणारी शेजारीण. पहाटेचा तास आपल्याकडे घेणारी कॉलेजातली सहकारी. वाडीच्या रस्त्यावरचा चहाचा गाडीवाला, ज्याचे नावही तिला ठाऊक नव्हते, म्हणून वहीत 'शिरोळ फाट्याच्या अलीकडचे मामा' असे लिहिले होते. आणि पहिले नाव तिच्या सासूबाईंचे, आमच्या विहीणबाईंचे. दीड वर्ष पहाटे साडेतीनला उठून त्यांनी तिचे दूध, खजूर, उकडलेले बटाटे, डबा असे सगळे करून दिले होते. कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत.

दत्तजयंतीच्या आदल्या आठवड्यात ती वाडीला गेली. सायकलने नाही, एसटीने, नातवाला घेऊन. देवदर्शन करून कवठाच्या बर्फीचे पुडे आणले आणि मग संध्याकाळी एकेका घरी जायला लागली. महिनाभर हे चालले होते. रखवालदाराने विचारले म्हणे, "ताई, उद्यापासून येणार नाही का? मी आपला कुलूप लवकरच काढतो अजून." विहीणबाईंकडे ती बर्फी घेऊन गेली, म्हणजे आपल्याच घरात समोरच्या खोलीत, आणि पाया पडली. विहीणबाई काय म्हणाल्या ते तिने मला जसेच्या तसे सांगितले. "अगं, तुझं झालं, पण मला अजून साडेतीनला जाग येते. उठते आणि ओट्याजवळ उभी राहते. काय करू तेच कळत नाही."

माझ्या मुलीला त्या क्षणी काय वाटले असेल याची मला कल्पना करवत नाही. एकाच घरात दोघी दोन खोल्यांत एकाच वेळी जाग्या राहत होत्या. एक अंधारात स्वयंपाकघरात बसून, दुसरी त्याच स्वयंपाकघरात तिच्या आधी किंवा नंतर ओट्याशी उभी राहून. रितेपण आपल्या एकटीच्या वाट्याला आले आहे, असे समजून ती तीन आठवडे रडत होती. संकल्पाला हात लावलेला प्रत्येक जण तो सुटल्यावर रिकामा होतो, हे आम्हां कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. पंगतीत वाढणाऱ्यांनाही आठवा दिवस येतो.

मला यावरून वाडीचीच कथा आठवते. श्रीनृसिंहसरस्वतींनी वाडीला बारा वर्षे वास केला असे परंपरा सांगते. मग ते गाणगापूरला निघाले. इथले कार्य झाले होते, त्यांच्या लेखी संकल्प पुरा झाला होता. पण पलीकडच्या तीरावरच्या योगिनींना, ज्या रोज सेवा करीत होत्या, वियोग सोसवेना. महाराजांनी त्यांना, आता तुमचे काम संपले, असे म्हटले नाही. मनोहर पादुका ठेवल्या आणि मग गेले. ज्याचे कार्य पूर्ण झाले त्याला निघून जाणे सोपे असते. मागे राहणाऱ्यांना हातात काहीतरी लागते. आजही पावसाळ्यात कृष्णामाईचे पाणी चढते, पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडते आणि लोक त्या पाण्यात स्नानाला धावतात. पुढे गाणगापूरहूनही महाराज गेले. माघ वद्य प्रतिपदेला त्या प्रस्थानाची गुरुप्रतिपदा आपण उत्सव म्हणून करतो. जाण्याच्या दिवसाचा उत्सव करणारा आपला संप्रदाय आहे, याचा मला अलीकडे फार आधार वाटतो.

आता कोणी विचारेल, मग पुन्हा असे काही करूच नये का? एकदा झाले, बस झाले? तसे माझे म्हणणे नाही. सिस्टर मॅडोना बुडर नावाच्या एक अमेरिकन ख्रिस्ती संन्यासिनी आहेत. त्यांनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पळायला सुरुवात केली, पंचावन्नाव्या वर्षी पहिली आयर्नमॅन पुरी केली आणि २०१२ साली कॅनडात, वयाच्या ८२ व्या वर्षी, पुन्हा एकदा. धावणे ही त्यांच्या लेखी प्रार्थना आहे. ज्याला रोज प्रार्थना करायची आहे त्याने रोज करावी, त्यात मोजणी कसली? माझा प्रश्न एवढाच आहे की पुढचा संकल्प आपण धरतो तो मोकळ्या हाताने की आवळलेल्या मुठीने. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. नाव घालण्याचा फॉर्म तोच, फी तीच, पहाटेचे चार तेच. घरच्या माणसांना मात्र फरक कळतो. आठ वर्षांच्या पोराला तर नक्कीच कळतो.

या वर्षी मुलीने कुठेही नाव घातले नाही. पुढच्या वर्षाचे विचारले की "बघू" म्हणते, आणि त्या 'बघू'त पूर्वीची घाई मला ऐकू येत नाही, किंवा मला तसे वाटते. पदक सुरुवातीला दिवाणखान्यात टांगले होते, ते नातवाने खेळायला घेतले आणि आता त्याच्या पत्त्यांच्या डब्यात आहे. सायकलवरची चादर निघाली. वाडीच्या रस्त्यावर ती महिन्यातून एकदा जाते, घड्याळ न लावता, आणि शिरोळ फाट्याच्या अलीकडच्या मामांकडे चहाला थांबते. त्यांचे नाव तिला आता ठाऊक आहे.

चारला मात्र अजून उठते. विहीणबाईही उठतात. दोघी चहा करतात आणि उजाडायच्या आत रंकाळ्यावर फिरायला जातात. विहीणबाईंनी त्यासाठी बूट घेतले, आयुष्यात पहिल्यांदा. साडेनऊशेचे सातशेला मिळाले, हे त्यांनी मला दोनदा सांगितले.